घरालाही माथा आणि पायथा असतो

सुगी आटोपते, कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि आपल्या भागात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी घराची. बहुतेक घरांत दोन्ही एकदमच निघतात. मुलाचे लग्न ठरले म्हणजे सून येणार, आणि सून येणार म्हणजे दोन खण तरी वाढवले पाहिजेत. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले जुने लोक सांगत आले आहेत. ज्या घरात ही दोन्ही कामे एकाच उन्हाळ्यात निघतात, त्या घरच्या कर्त्या माणसाला मान वर करायला सवड नसते. वाळू कुठून आणायची, विटा कुणाच्या भट्टीवरच्या घ्यायच्या, गवंडी कधी मोकळा होणार, याचीच धावपळ. जागेचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. जागा काय, घरामागे आहेच!

या ‘घरामागे आहेच’ म्हणण्याविषयीच आज चार शब्द सांगायचे आहेत.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. परभणीला बी.एस्सी. झालो आणि नोकरीची बरीच वर्षे राजूरच्या आसपासच्या गावांत काढली. काम पिकांचे, पण बियाणे विचारायला आलेला माणूस जाता जाता घराचेही विचारतो. “साहेब, बांध तुम्ही आखून देता, शेततळ्याची जागा तुम्ही पाहता, मग ही दोन खणांची जागाही नजरेखालून घाला ना!” मी इंजिनिअर नव्हे. सळई किती जाड घालावी, स्लॅब किती इंचांचा असावा, हे मी सांगत नाही. पण माती आणि पाणी हा माझा रोजचा विषय आहे, आणि घराला धोका येतो तो बहुधा या दोघांकडूनच येतो.

काळीत पेरावे, पांढरीत राहावे

आपल्या वाडवडिलांनी हे शहाणपण शब्दांतच भरून ठेवले आहे. शेताला ते ‘काळी’ म्हणत आणि गावठाणाला ‘पांढरी’. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हा गुण, भिंतीला अवगुण. पांढरीची माती तशी फुगत-आटत नाही. म्हणून जुनी घरे तिच्यावर पिढ्यानपिढ्या उभी राहिली.

आता कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, गावठाण भरून गेले. चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला वर गेलात, तर उंचावरून सभोवार पाहा. घरे पांढरी सोडून कशी चहूकडे पसरत चालली आहेत ते दिसेल. एका अंगाने ती ओढ्याच्या काठावर गेली आहेत, दुसऱ्या अंगाने टेकडीच्या कुशीत शिरली आहेत. त्यात दोष कुणाचा नाही. पण पूर्वी गावाने जागा पारखून दिली होती. आता ती ज्याची त्याने पारखायची आहे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. तेव्हापासून मराठवाड्यातला माणूस भिंतीकडे आणि छपराकडे डोळे उघडून पाहायला शिकला. जमिनीकडे तसे पाहायला आपण अजून शिकलेलो नाही.

सह्याद्रीतले धडे

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात माळीण नावाचे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी वरचा डोंगर सुटला आणि काही क्षणांत गाव गाडले गेले. १५१ माणसे गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पडली. त्या दुर्घटनेनंतर अतिवृष्टीबरोबरच उतारावर केलेले सपाटीकरण आणि पाण्याला नीट वाट नसणे, याही कारणांची खूप चर्चा झाली.

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. त्याच तालुक्यात सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळीये गावच्या वाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ जणांचे देह सापडले, ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. इर्शाळवाडीचे नाव दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हते. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजून चालत नाही, हा त्यातला मोठा धडा आहे.

कुणी म्हणेल, ‘साहेब, ते सह्याद्रीचे डोंगर, तिकडचा पाऊस वेगळा. आपल्याकडे कुठला डोंगर आणि कुठला पाऊस!’ म्हणणे खरे आहे. तळीयेच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या जालना जिल्ह्यात अख्ख्या वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास. माळीणसारखा अख्खा डोंगर आपल्याकडे येईल, असे सांगून मला कुणाला भिववायचे नाही. पण घर जायला अख्खा डोंगर लागत नाही. मागच्या कपारीची दोन ट्रॉली माती रात्री भिंतीवर आली, तरी भिंतीला लागून झोपलेल्या माणसाला तेवढी पुरते. आणि चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडून जातो, हे तर आता आपणही अधूनमधून पाहतोच.

उतार घसरतो कसा?

कडब्याची गंजी आठवा. गंजी नीट रचलेली आहे, वर्षभर हलत नाही. पण एखाद्या पोराने वरून पेंढ्या काढायच्या सोडून खालच्या थरातल्या उपसल्या, तर ती आधी कलते आणि मग एकदम बसते. टेकडीचा पायथा हा गंजीचा खालचा थर आहे. वरच्या मातीचा भार त्यानेच धरलेला असतो. खोलीला जागा करण्यासाठी आपण जेसीबी लावून पायथा उभा कापतो, तेव्हा खालच्या पेंढ्याच उपसत असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पाणी आत शिरले की मातीचे वजन वाढते आणि कणांची धरपकड ढिली होते. म्हणजे भार वाढला आणि जोर कमी झाला. त्यात आपल्या भागात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. वरून मुरलेले पाणी या पट्ट्यावर अडते, तिथून आडवे वाहते आणि पट्टा ओला होऊन निसरडा होतो. कापलेल्या टेकडीच्या पोटात असा पट्टा दिसला, तर तिथे थांबलेले बरे.

तिसरी गोष्ट काळ्या मातीची. उतारावरची काळी माती पावसात फुगते तेव्हा ती उताराच्या बाहेरच्या अंगाला उचलली जाते, आणि आटते तेव्हा सरळ खाली बसते. दरवर्षी ती अशी थोडी थोडी उताराने खाली सरकत असते. डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यात उभ्या केलेल्या खांबाला आणि भिंतीला ते कळते.

एका घराची पाहणी

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावातून मला बोलावणे आले. वैशाखात मुलाचे लग्न. घर टेकडीच्या अंगाला, मागे चढ. मालकांच्या मनात होते की दहा फूट टेकडी उभी कापून दोन खोल्या काढाव्यात. जेसीबीवाल्याला विसारही देऊन झाला होता.

मी म्हणालो, “काका, आपण शेताची पाहणी करतो तशीच घराची करू. आधी माथा, मग उतार, शेवटी पायथा.” आपल्याच जिल्ह्यातले कडवंची गाव पाणलोटाच्या कामासाठी नावाजले, ते ‘माथा ते पायथा’ या एका सूत्राने काम केल्यामुळे. वरचे पाणी आधी सावरले, म्हणून खालचे शेत सुधारले. घराला हेच सूत्र लागू आहे.

माथ्यावर गेलो. वर कपाशीचे शेत होते आणि त्याच्या बांधाचा सांडवा नेमका यांच्या घराच्या दिशेने उघडत होता. शेत चुलत भावाचे. वाटणीपासून बोलणे बंद.

उतारावर आलो. एक बाभूळ बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली. झाड उभे वाढू पाहते आणि खालची जमीन सरकत राहते, तेव्हा बुंधा असा वाकतो. जुन्या दगडी तालीला मधोमध पोट आलेले. माथ्याजवळ, उताराला आडवी, वीतभर खोल भेग. मालक म्हणाले, “उन्हाळ्याची भेग आहे, काळ्या रानाला पडतेच.” तेही खरे. उन्हाळ्याची भेग जाळीसारखी चहूकडे फाटते. धोक्याची भेग उताराला आडवी, लांबच लांब, कमानीसारखी जाते आणि तिची खालची कड थोडी बसलेली असते. ही भेग त्या दुसऱ्या जातीची वाटत होती.

पायथ्याशी आलो तेव्हा घरची आजी दारात बसली होती. आम्हा पुरुषांचे मोजमाप तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “लेकरा, मला इचारलं असतंस तर एवढं हिंडायचं काम नव्हतं. सरावनात ह्या मागल्या भिताडाला हात लावून बघ, गारढोण लागतंय. कोपऱ्यातली जवारीची कणगी मी दोन बारी हलवली. पानी भिताडाखालून येतंय.”

सगळ्या पाहणीचे सार तिने सांगून टाकले. ज्या भिंतीला श्रावणात ओल येते, तिच्या मागची टेकडी पाणी सोडत असते. तीच टेकडी आपण कापायला निघालो होतो. घर कुठे ओलते, कुठले दार पावसाळ्यात अडते, कुठल्या कोपऱ्यात तडा जातो, हे घरातल्या बायांना आधी कळते. माझे सांगणे आहे की जागेची पाहणी करताना त्यांना आधी विचारा. आपण विचारतो शेवटी, नाहीतर विचारतच नाही.

मग उंची मोजली. गवंड्याची पाण्याची नळी घेतली, टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. चढ अठरा फूट भरला. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इमारतींच्या नियमावलीत यासाठी एक सोपा हिशेब आहे. तीन फूट आडवे गेल्यावर एक फुटाहून जास्त चढ असेल, तर तो तीव्र उतार धरायचा. अशा उताराच्या पायथ्याशी बांधताना उंचीच्या निम्मे अंतर मोकळे सोडायचे, ते जास्तीत जास्त पंधरा फूट. माथ्यावर बांधताना कडेपासून उंचीच्या एकतृतीयांश अंतर सोडायचे, ते जास्तीत जास्त चाळीस फूट. म्हणजे अठरा फुटांच्या चढाखाली नऊ फूट आणि माथ्यावर सहा फूट. माती भुसभुशीत असेल, ओल असेल, भेगा असतील, तर याहून जास्त. काका तर सोडायच्या ऐवजी दहा फूट आत शिरायला निघाले होते.

शेवटी खोल्या मागे न काढता पुढे अंगणात काढायचे ठरले. हे सोपे नव्हते. अंगणात बैल बांधत, तिथेच खळ्याच्या दिवसांत माल पडे. गोठा शेतात हलवावा लागला, विसाराचे पैसे गेले, आणि अंगण गेल्याची काकांची हळहळ पुष्कळ दिवस राहिली. वरच्या सांडव्याचे काम त्याहून अवघड होते. ते आजीने केले. ती काठी टेकत पुतण्याच्या दारात गेली आणि म्हणाली, “तुमचं भांडण तुमच्यापाशी. पानी काय भाऊबंदकी वळखीत नाही, खाली माझी नातवंडं निजतेत.” पुतण्याने सांडवा दुसऱ्या अंगाला ओढ्याकडे वळवून दिला.

त्यानंतर किती पावसाळे झाले. टेकडी जागेवर आहे. मध्ये काका भेटले तेव्हा हसून म्हणाले, “साहेब, डोंगर काही आला नाही. उगीच माझं अंगण घालवलंत!” मी म्हणालो, “काका, तो कापला नाही म्हणून आला नाही, की कापला असता तरी आला नसता, हे कुणालाच सांगता यायचे नाही. पण पडताळा पाहण्यासाठी सुनेला तिथे झोपवायचे नव्हते ना?” धोका टळतो तेव्हा त्याची काही खूण मागे राहत नाही. म्हणूनच टाळणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही.

तुमची जागा अशी पाहा

शक्य असेल तर एक पावसाळा जागा नुसती पाहा. सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की टोपले डोक्यावर घेऊन मागे जा. पाणी कुठून येते, कुठे मुरते, कुठे नवा उपळा फुटतो, ते पाहून ठेवा. संशयाची भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधले अंतर मोजा आणि तारखेसह भिंतीवर लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. अंतर वाढत असेल तर त्या अंगाला बांधू नका.

बांधण्यापूर्वी नव्या खोलीच्या कोपऱ्यात पाच फुटांचा खड्डा घ्या. काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, ओल आहे का, हे त्यात दिसते. पाया काळ्या मातीत सोडू नका, तो घट्ट मुरमापर्यंत न्या. ओढ्याच्या काठी असाल तर पलीकडचे वळण पाहा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ पोखरते. दरवर्षी काठ किती फूट तुटतो, ते जुन्या माणसांना विचारा.

बांधायचेच असेल तर

उतार पुढे भरून जोते वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. टाकलेला भराव हा रचलेल्या खडकासारखा नसतो. वीतभर मुरूम पसरून पाणी मारून धुमसायचा, मग पुढचा थर, असे केले तरी तो बसायला वेळ घेतो. निम्मी खोली मूळ जमिनीवर आणि निम्मी भरावावर, असे कधीही करू नका. ती मधोमध फाटते. जुने घर आणि नवे खण यांचा सांधाही मोकळा ठेवा. जुने घर बसायचे तेवढे बसलेले असते, नवे अजून बसायचे असते. दोघांना एकत्र आवळले की तडा जुन्या भिंतीला जातो.

वरच्या अंगाला चर काढा आणि पाणी घराला वळसा घालून ओढ्याला सोडा. पाण्याआधी वळण बांधावे, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. फक्त हा चर पाणी मुरवायचा नसून पाणी वाहून नेणारा असावा, त्याला थोडा ढाळ असावा. शेतात आपण पाणी अडवतो आणि जिरवतो, पण घरावरच्या तीव्र उतारात पाणी जिरवायचे नाही. शोषखड्डा, शेततळे, गुरांचे टाके उताराच्या माथ्यावर घराच्या सरळ रेषेत नकोत. पत्र्याचे पाणीही नळीने दूर सोडा.

आधाराची भिंत बांधणार असाल, तर ती इंजिनिअरला विचारूनच बांधा. तिच्यात पाणी बाहेर पडायला जागोजाग नळ्या ठेवा आणि मागे दगडगोट्यांचा, खडीचा थर भरा. पाणी कोंडलेली भिंत मातीपेक्षाही जोरात येते. उतारावरची झाडे आणि गवत राखा.

शंका असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते, तिथे भूवैज्ञानिक असतात. पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत इंजिनिअर भेटतात. ग्रामपंचायतीचा अर्ज घेऊन गेलात तर काम लवकर होते. आणि भर पावसात कधी उपळ्याचे स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, दारे अडू लागली, मागून दगड सुटल्याचा आवाज आला, तर सकाळची वाट पाहू नका. माणसे आणि गुरे घेऊन मोकळ्या, सपाट जागी निघा, शेजाऱ्याला हाक मारा आणि मग तहसील कार्यालयाला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. भांडी, पेटी, कणगी नंतर.

बंधू-भगिनींनो, पेरणीआधी आपण माती पाहतो, बैल घेताना दात पाहतो, सोयरीक करताना घराणे पाहतो. ज्या जमिनीवर आपली लेकरे निजणार, तिला पाहायला एक पावसाळा आणि घरातल्या चार माणसांचा सल्ला एवढाच खर्च आहे. यंदा घरामागची जमीन पाहून घ्या. दोन खण पुढच्या उन्हाळ्यात बांधा.